कार्डावरचं तिसरं नाव

१

सांगायचं नव्हतं. बायकोनं, जन्नतबीनं सांगायला लावलं. म्हणाली, "पोटात घेऊन कबरीत जाऊ नका, तिथं आधीच जागा कमी असते." पन्नास वर्षं हिच्या तोंडाला लागून काही फायदा झाला नाही, आता या वयात काय होणार? तर ऐका. मधेच 'असं कसं होईल' म्हणून विचारायचं नाही. कसं झालं ते ठाऊक असतं तर सांगायला एवढी वर्षं लावली नसती.

आणि एक. 'मी, मी' करत सांगायला लागलं की माणूस स्वतःला शहाणा करत जातो. म्हणून मी 'जिलानी' म्हणून सांगणार. जिलानी गेला, जिलानीनं केलं. दुसऱ्याचं सांगताना चूक लपत नाही.

तर जिलानीचं दुकान लातुरात, गंजगोलाईच्या मागच्या बोळात, एका जिन्याखाली. आत उभं राहिलं की डोकं लागायचं, म्हणून गिऱ्हाईक बाहेर आणि जिलानी आत बसलेला. उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलेला माणूस. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि क्लासचं वेड लागून घराघरात कॉम्प्युटर आले तसे कॉम्प्युटर. इंग्रजी येत नव्हतं. पण पडद्यावरचे शब्द तो आकारावरून ओळखायचा, लांबून येणारा माणूस चालीवरून ओळखावा तसे.

भूकंपाला अठरा वर्षं होऊन गेली होती. थंडीचे दिवस. औसा डेपोचा कंडक्टर शेषेराव सोळुंके खाकीतच दुकानापुढं आला आणि रिक्षातून कॉम्प्युटरचा डबा उतरवला.

"जिलानीभाई, ह्याला कुलूप लागतंय का?"

"कशाला? चोर येतात का घरी?"

"चोर घरातलाच हाय. पोरगी. बारावी सायन्स. क्लासवाल्यानं टेस्टच्या सीड्या दिल्यात, त्या सोडून पत्ते खेळून राहिली. परीक्षा दोन महिन्यांवर आली."

जिलानीनं त्याला समजेल असं सांगितलं. "एसटीत घंटी कुणाच्या हातात असते?"

"माझ्या."

"आणि प्रवाशानं वाजवली तर?"

"वाजवून तर बघू दे!"

"तसंच हे. घरातल्या प्रत्येकाचं एकेक खातं करायचं. एक खातं घंटीवाल्याचं, त्याला ॲडमिन म्हणतात. बाकीचे प्रवासी. घंटीवाल्यानं हो म्हटल्याशिवाय त्यांना काही टाकता येत नाही, काही काढता येत नाही. घंटी तुमची. आता घरच्यांची नावं सांगा."

शेषेरावनं खिशातून रेशन कार्डाची झेरॉक्स काढून दिली. ही कंडक्टरची जात. तोंडानं काही सांगणार नाही, कागद दाखवणार. "ह्याच्यावर हायेत समदे. माझी दोनची निलंग्याची गाडी हाय." आणि गेला.

कार्डावर चार नावं होती. शेषेराव. तारामती. शिवम. वर्षाराणी. शेवटचं नाव वेगळ्या शाईत, मागून घातलेलं. जिलानीनं मराठी अक्षरं एकेक करून लावली आणि चार खाती केली. प्रत्येक नावाला एक चित्र द्यावं लागतं. शेषेरावला घोडा दिला, तारामतीला फूल, शिवमला फुटबॉल आणि पोरीला पिवळं बदक. घंटी घोड्याकडं.

शिवम कोण, हे त्यानं विचारलं नाही. पुण्याला शिकायला असेल, असं धरलं.

२

दोन दिवसांनी शेषेराव आला तो बोळाच्या तोंडापासूनच ओरडत.

"शिवम कुणी घातला त्याच्यात?"

"तुमच्याच कार्डावर हाय, मी काय घरून आणला का?" जिलानीनं झेरॉक्स त्याच्यापुढं आपटली.

शेषेरावनं कागदाकडं पाहिलं. मग दुकानाच्या पायरीवर बसला. चहावाल्याचा पोरगा येऊन दोन कप ठेवून गेला, ते निवून गेले.

"सहा वर्षांचा व्हता," तो म्हणाला. "तेरणेकाठचं गाव आमचं. माळवदाचं घर, वर मातीचं छत, हातभर जाडीच्या भिंती. मी हैदराबादच्या गाडीवर व्हतो. तारा निघाली, ती दाराजवळ निजलेली. शिवम आतल्या अंगाला. तिसऱ्या दिवशी जे हाती लागलं ते समद्यांचं एकत्रच पेटवलं, त्यात आमचा व्हता का न्हाई, कोण सांगणार?"

जिलानीलाही त्या दिवसांतलं ठाऊक होतं. गोलाईतल्या पोरांबरोबर ट्रकमध्ये बसून तो पाव आणि कफनाचं कापड घेऊन गेला होता आणि दोन दिवस हातानं माती उपसून आला होता.

"मग पत्र्याच्या शेडात नवी कार्डं लिहून घेत व्हते. तारानं त्याचं नाव सांगितलं. बाबू म्हणला, पोरगा कुठं हाय? म्हणली, मामाकडं गेलाय. मी बाजूला उभा. गप ऱ्हायलो." शेषेरावनं तोंड पुसलं. "वर्षा झाली पुढच्या साली. ते नाव काढायचं ऱ्हाऊन गेलं. अठरा वर्षं त्याच्या वाट्याचा गहू खाल्ला बघा आम्ही."

"पुसून टाकतो," जिलानी म्हणाला. "दोन मिनिटांचं काम हाय. उद्या दुपारी येतो."

३

क्लासच्या गल्ल्या दुपारी दोन ते चार मेल्यासारख्या असतात. सगळी पोरं वर्गात. बाहेर फक्त सायकलींच्या रांगा, आणि भिंतींवर गेल्या वर्षी नंबरात आलेल्या पोरांचे दात काढलेले फोटो. शेषेरावनं तिथं दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. पोरीच्या शिक्षणासाठी आई खोली करून राहते आणि बाप ये-जा करतो, ही लातूरची रीतच झाली होती. नवी इमारत, सिमेंटचे खांब, फरशी. बाहेरच्या खोलीत पोरीचा लोखंडी पलंग आणि भिंतीला लावून कॉम्प्युटर.

पोरगी क्लासला गेली होती. तारामतीनं पाणी दिलं. किरकोळ बाई, डोक्यावरून पदर, बोलणं कमी.

जिलानीनं कॉम्प्युटर चालू केला. निळ्या पडद्यावर चार चित्रं उमटली. तो फुटबॉलवर हात नेणार तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊ, राहू द्या की ते."

"तारे," शेषेराव म्हणाला.

"काय बिघडतंय? जागा खातंय का? नावच हाय नुसतं. मी सकाळी चालू करते, बघते, बंद करते. अठरा वर्षांत त्याचं नाव असं छापून आलेलं पाहिलं न्हवतं."

आता सांगा, काय करायचं? जिलानीला पाच पोरं, एक लहानपणीच गेलेलं. त्यानं शेषेरावकडं पाहिलं. शेषेराव खिडकीकडं बघायला लागला, शेडात बघत होता तसाच असणार.

"एक करू," जिलानी म्हणाला. "खातं राहू दे, पण त्याला पासवर्ड टाकतो. कुणाला उघडता येणार नाही. नाव दिसेल तेवढंच."

"पासवर्ड काय हाय?" तारामतीनं विचारलं.

"तो माझ्याजवळ."

तिनं मान हलवली. जिलानीनं पासवर्ड टाकला. कुठं लिहून ठेवला नाही, कुणाला सांगितला नाही. हे मी शपथेवर सांगतो, पाहिजे तर कुराणावर हात ठेवून.

४

आठवड्यानं दुकानातला फोन वाजला. पोरीचा आवाज.

"चाचा, मी वर्षाराणी. दादा लॉग-इन हाय, त्यामुळं माझी टेस्ट लई हळू चालून राहिली. त्याला बाहेर काढता येतंय का?"

"कोण दादा?"

"आमचा दादा. शिवमदादा." असं म्हणाली, जसा तो शेजारच्या खोलीत अंघोळीला गेलाय.

जिलानी दुकानाचं दार ओढून गेला. वर्षाराणी दारात उभी होती, दोन वेण्या, चष्मा, हुशार डोळे. पडद्यावर चार चित्रं. तीन नावांखाली काही नाही. फुटबॉलखाली बारीक अक्षरांची एक ओळ. ती ओळ जिलानीला आकारानं ठाऊक होती. या माणसाचा एक प्रोग्राम चालू आहे.

पासवर्डची चौकट तशीच होती. त्यानं आपला पासवर्ड टाकला तर डब्यानं घेतला नाही. पुन्हा टाकला. नाही.

"चाचा, ते बदललंय त्यानं," पोरगी म्हणाली.

"तू गप. तू बदललंयस."

"मी कशाला बदलू? मला तर घंटीच न्हाई." आणि हसली. हसणं साधं होतं. म्हणून जास्त राग आला.

घोड्याच्या खात्यातून त्यानं यादी उघडली. घंटी दोघांकडं होती, घोड्याकडं आणि फुटबॉलकडं. जिलानीनं फुटबॉलची काढून घेतली. मग विचार केला. या डब्यांना एक चोरदार असतं. चालू करताना एक बटण दाबून धरलं की पाचवं खातं दिसतं, जे एरवी दिसत नाही, आणि त्याला कुलूप नसतं. क्लासची पोरं एकमेकांना असल्या गोष्टी शिकवतात. झालं, उत्तर सापडलं. पोरगी त्या दारानं आत गेली. परीक्षेची भीती, दुसरं काय! त्यानं त्या दारालाही वेगळा पासवर्ड घातला.

मग म्हटलं, हळू चालतोय तर धूळही काढून टाकू. डबा उघडला.

जिलानीला धूळ कळते. गिरणीवाल्याच्या डब्यातली पिठाळ असते. शिंप्याकडं धागे निघतात. क्लासवाल्याकडं खडूची भुकटी. या डब्यात तळाला दोन बोटं माती होती. पांढरी. चिमटीत घेतली तर त्यात भुसा होता, जुन्या भिंतीत माती बांधून राहावी म्हणून घालतात तो. दुसऱ्या मजल्यावर, सिमेंटच्या इमारतीत, दहा-बारा दिवसांपूर्वी दुकानात त्यानं स्वतः साफ केलेल्या डब्यात.

त्यानं ती माती वर्तमानपत्रात बांधली आणि जाताना नालीत टाकली. हात तीनदा धुतला. ही माती त्यानं याआधी एकदाच हातानं उपसली होती.

५

पुढं पंधरा दिवसांत जे झालं ते शेषेरावनं बोळात उभं राहून सांगितलं, आणि सांगताना आवाज खाली नव्हता.

एक म्हणजे, घंटी त्याची राहिली नव्हती. काही करायला गेलं की पडद्यावर चौकट यायची, तुम्हाला परवानगी नाही. "वीस वर्षं लोकांना मी गाडीतून उतरवलं, आन् आता ह्यो डबा मला उतरवून राहिला!"

दुसरं म्हणजे, पोरगी.

"सकाळी साडेसातला क्लास. चपला घालून, दप्तर घेऊन उंबऱ्यात उभी राहते. उभीच. तारा म्हणते, जा की. तर म्हणते, अजून दादानं हो म्हणलं न्हाई. तासभर उभी, जिलानी! मी काल हात धरून वढली, तर हलंना. एवढीशी पोरगी. खांब वढल्यासारखं झालं. आन् मग एकदम सुटली, आपली पळत गेली खाली, जशी शाळा सुटली."

"परीक्षेचं डोक्यात गेलंय. डॉक्टरला दाखवा."

"दाखवलं. झोपंच्या गोळ्या दिल्या. ती गोळी हातात घेऊन बसते. तोंडात घालत न्हाई. कुणाची वाट बघती?" शेषेराव पुढं वाकला. "तो पासवर्ड कुणाला ठाऊक हाय?"

"मला एकट्याला."

"मग त्या खात्यात बसून पोरीला कोण सांगून राहिलंय, इकडं जा, तिकडं जाऊ नको?"

जिलानीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा शेषेरावचा हात त्याच्या कॉलरला होता. बोळातली सगळी दुकानं उठून उभी राहिली. टोपीवाला, घड्याळवाला, चहावाला. शेषेरावनं सत्तरीच्या माणसाला त्याच्या दुकानाच्या पायरीवरून ओढून खाली घेतलं आणि सगळ्यांपुढं म्हणाला, "ह्या म्हाताऱ्यानं माझ्या पोरीच्या कॉम्प्युटरात घाण घातलीय. बारावीची पोरगी हाय माझी!"

जिलानीची टाच पायरीच्या पत्र्यावर कापली. रक्त आलं. पण ते नंतर कळलं.

"उद्या दुपारी येतो," जिलानी म्हणाला. "तुझ्यासमोर ते खातं पुसतो. मग बघू घाण कुणाची."

६

सकाळी जन्नतबीनं टाचेला जुन्या हिरव्या ओढणीची पट्टी बांधली. "जाऊ नका," म्हणाली. "डबा आहे तो त्यांचा, तुमचा कोण लागतो?" जिलानी गेला.

शेषेराव ड्यूटीवरून यायचा होता. तारामती आत भाकरी थापत होती, थापेचा आवाज येत होता. वर्षाराणी पलंगावर पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. वाळली होती पोरगी. पान उलटायला हात न्यायची आणि हात तसाच अधांतरी ठेवायची. मग थोड्या वेळानं उलटायची.

दोन वाजता लाइट गेली. त्या वर्षी रोजच जायची. बरंच झालं, जिलानीनं विचार केला, आधी डबा साफ करून घेऊ. त्यानं मागची पिन ओढून काढली, वायर गुंडाळून बाजूला ठेवली आणि ब्रश घ्यायला पिशवीत हात घातला.

डब्यातून पंखा फिरल्यासारखा आवाज येत होता.

त्यानं कान लावला. पंख्याचा आवाज नव्हता तो. बारीक काही तरी गळत होतं. थांबून थांबून. पोत्याला भोक पडून दाणे गळतात तसं, पण जड.

पडदा हळूहळू राखाडी झाला. ट्यूबमध्ये राहिलेली वीज असेल, जिलानीनं स्वतःला सांगितलं. टीव्हीतही राहते. त्यानं शेकडो पाहिल्या होत्या. पण ट्यूबमध्ये राहिलेली वीज चित्र दाखवत नाही.

चित्र आडवं होतं, चिंचोळं. वर आणि खाली काळं, कडा वेड्यावाकड्या, दगडाच्या. मधल्या फटीतून उजेड. त्या उजेडात फरशी दिसत होती. फरशीचा एक कोपरा फुटलेला होता. जिलानीनं खाली पाहिलं. त्याच्या खुर्चीजवळच्या फरशीचा कोपरा फुटलेला होता. पडद्यावर पलंगाचा लोखंडी पाय होता. आणि त्याच्या अलीकडं दोन टाचा, म्हाताऱ्या, भेगाळलेल्या. एकीला हिरवी पट्टी.

त्यानं टाच उचलली. पडद्यावरची टाच उचलली गेली.

कुठून बघतंय? या घरात कॅमेरा नव्हता, डब्याला तसलं काही लावलेलं नव्हतं. त्यानं नजरेनं माप घेतलं, कारागीर माणूस, सवय जात नाही. त्याच्या मागची भिंत. जमिनीला लागून. तिथं फट नव्हती, पांढरा चुना होता, आणि त्या भिंतीच्या पलीकडं काही नव्हतं. दोन मजले खाली सायकली.

तेवढ्यात फटीत अंधार झाला. कुणी तरी पोटावर पालथं पडून फटीला तोंड लावलं होतं. आधी नुसता चष्मा. मग एक वेणी. मग वर्षाराणीचं तोंड, एवढं जवळ की पडदाभर झालं. ओठ हलत होते.

जिलानीनं मान वळवली. पोरगी पलंगावर होती तिथंच होती, पुस्तक मांडीवर. ओठ हलत होते.

"काय बोलून राहिलीस?" जिलानीनं विचारलं.

"त्याला म्हणते, थांब जरा," ती म्हणाली. "तो म्हणतोय, किती दिवस झाले, आता मी बाहेर येतो, तू आत बस थोडा वेळ."

आत भाकरीची थाप थांबली होती. तारामती दारात उभी होती, पिठाचे हात तसेच वर धरलेले. तिनं ते ऐकलं होतं.

७

चारला लाइट आली आणि चारलाच शेषेराव आला. तिकिटांची पेटी खांद्यावरून न काढताच उभा राहिला. जिलानीनं त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पुन्हा कॉलर धरणार होता. तारामतीच म्हणाली, "पुसा भाऊ. आत्ताच्या आत्ता पुसा."

"तारे, तूच तर म्हणली व्हतीस…"

"म्हणली व्हती. माझी एक पोरगी जित्ती हाय, ती मला पाहिजे."

यादीत घंटी आता एकट्या फुटबॉलकडं होती. घोडा प्रवासी, फूल प्रवासी, बदक प्रवासी. जिलानीनं डबा बंद करून चोरदारानं चालू केला. त्याचा तिथला पासवर्ड चालला.

त्यानं घोड्याला घंटी दिली. पडदा मिटमिटला आणि घोडा पुन्हा प्रवासी. फुलाला दिली. पुन्हा प्रवासी. मग बदकाला दिली. ती राहिली.

इथंच थांबायला पाहिजे होतं. जिथं एकही दार उघडत नाही तिथं एक दार आपोआप उघडलं, तर माणसानं विचार करावा की पलीकडून कुणी उघडलं. पण जिलानीला घाई होती. पलंगावर पोरगी आता पुस्तकाकडंही बघत नव्हती. भिंतीकडं बघत होती, जमिनीला लागून.

तो वर्षाराणीच्या खात्यात शिरला. तिथून फुटबॉलवर गेला. काढून टाका, म्हणून सांगितलं. डब्यानं विचारलं, जसा तो नेहमी विचारतो. दोन बटणं आली.

"हे काय हाय?" शेषेरावनं विचारलं.

जिलानीनं जे होतं ते सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. "खातं तर जाणार. पण खात्यातलं सामान हाय, त्याचं काय करायचं म्हणून विचारतोय. ह्या बटणानं सामानही पुसलं जातं. ह्या बटणानं खातं जातं, पण सामान एका पेटीत बांधून इथं ठेवलं जातं. इथं म्हणजे ज्याच्या खात्यातून आपण पुसतोय त्याच्याकडं. वर्षाच्या."

"सामान काय असणार त्याच्यात?"

"मला काय ठाऊक? मी उघडलेलं न्हाई."

"समदं पुसा," तारामती म्हणाली. तिनं पोरीला मागून मिठी घातली होती, पिठाच्या हातांनीच.

जिलानीनं बाण त्या बटणावर नेला. दाबणार तेवढ्यात त्याच्या हातावर हात पडला. जड, राठ, शाईचे डाग पडलेला. शेषेराव रडत नव्हता. तोंड कोरडं होतं त्याचं.

"अंगावरचा सदरासुदीक मिळाला न्हवता आम्हाला," तो म्हणाला. "सामान तेवढं राहू द्या. खातं जाऊ द्या, पण सामान राहू द्या."

"शेषेराव, हात काढ."

"अहो, नको!" तारामती ओरडली.

त्यानं बाण सरकवला आणि दाबलं. बोट त्याचं होतं. माझं नव्हतं. जिलानीचं नव्हतं.

पडद्यावर एक पेटी सरकताना दिसली, इकडून तिकडं, कागद उडत. बराच वेळ उडत राहिले. सहा वर्षांच्या पोराचं एवढं सामान काय असतं? मग चौकट मिटली. फुटबॉल गेला होता. डब्यातली ती गळती थांबली.

खाली कुणी तरी सायकल स्टँडवर घेतली तेही वर ऐकू आलं.

८

वर्षाराणी हलली. आईच्या मिठीतून तिनं स्वतःला सोडवून घेतलं, चष्मा काढून पलंगावर ठेवला, आणि उभी राहिली. चष्म्याशिवाय त्या पोरीला चार हातांवरचं दिसत नव्हतं. ती सरळ आत मोरीजवळ गेली, कशाला न धडकता. माठावरचा गडू घेतला आणि पाणी प्याली. गडू रिकामा केला. पुन्हा भरला. पुन्हा रिकामा. मग गडू खाली ठेवून माठच दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. घसाघसा. पाणी दोन्ही गालांवरून, वेण्यांवरून, फरशीवर. श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही. अख्खा माठ.

भरलेल्या माठात किती पाणी असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सतरा वर्षांच्या पोरीच्या पोटात तेवढं मावत नाही.

रिकामा माठ तिनं खाली ठेवला, तोंड पालथ्या मनगटानं पुसलं, आणि आईला म्हणाली, "अजून हाय का?"

तारामती कोपऱ्यातल्या घागरीकडं गेली. घागर उचलून तिच्यापुढं धरली. आईच ती, तहानलेल्याला नाही कसं म्हणणार? पण घागर धरून ती दरवाज्यातून शेषेरावकडं बघत होती. तसं कुणी माझ्याकडं बघू नये.

शेषेराव पेटी खांद्यावर घेऊन तसाच उभा. त्यानंही पाहिलं. जिलानीइतकंच पाहिलं. मग त्यानं जिलानीची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली आणि दार उघडलं.

पोरगी पास झाली. चांगले मार्क पडले. औरंगाबादला कॉलेज मिळालं. पुढच्या वर्षी भिंतींवरच्या फोटोंत तिचाही फोटो लागला, चष्म्याशिवाय. जिलानी त्या गल्लीनं जात नाही. तारामती गावाकडच्या पुनर्वसनाच्या घरात एकटी राहते, असं कळलं. लेकीकडं जात नाही. लेक आली तर अंगणात बाज टाकून बाहेर निजते म्हणे, भर थंडीत.

आणि जिलानीच्या दुकानावर क्लासच्या पोरींनी येणं बंद केलं. आया हात धरून पलीकडून न्यायच्या. "म्हाताऱ्यानं कंडक्टरच्या पोरीला नादी लावलं होतं," एवढंच बोळाला ठाऊक. दोन वर्षांत जिन्याखाली कुलूप लागलं. टोपीवाला म्हणाला, जाऊन शेषेरावला चार लोकांत खरं बोलायला लाव. गेलो होतो. होय, मीच गेलो होतो, जिलानी-बिलानी पुरे झालं. औशाच्या स्टँडवर त्याला गाठला, रिटायर व्हायला आला होता. म्हणालो, तुझ्या बोटानं झालं, तू डोळ्यानं पाहिलंस, मग माझ्या नावाला का लावलंस? एकदा म्हण की चुकलो. झालं ते भरून नाही यायचं, पण एकदा म्हण.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओठ उघडले, आणि तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं फोनवरचं लेकीचं नाव पाहिलं आणि ओठ मिटले. फोन कानाला लावून तो गाडीच्या पायरीशी उभा राहिला. "हाव," म्हणाला. "हाव. न्हाई सांगत. न्हाई." आणि गाडी सुटायची वेळ झाली तरी चढला नाही. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. तो पायरीशी उभाच, कुणी तरी हो म्हणायची वाट बघत.

मी निघून आलो. पण माफी ती माफी, ती मागायची राहिलीच आहे. सगळं ठाऊक असून मला बदनाम ठेवणारा माणूस एकच आहे, आणि तो अजून जिवंत आहे. औसा डेपो, शेषेराव सोळुंके.